खाडीतला जिताडा लागतो, पण सुटतो का?

ऐरोलीहून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: अमेरिकन बास मासेमारीचे व्हिडिओ बघून सात फुटी मीडियम रॉड, ३००० साइजचं रील, त्यावर दहा पौंडी फ्लुरोकार्बन दोरी आणि रबरी ल्युअरचा (खोट्या आमिषांचा) डबा घेतला. खाडीत जिताडा लागतोही, पण तिवरांपाशी दोन-चार सेकंदांत सुटतो. साहित्य बदलायचं का, बदलायचं तर काय, आणि भरतीला जावं की ओहोटीला?

साहित्याकडे नंतर वळू. पुढच्या वेळी मासा सुटला की लगेच नवा ल्युअर बांधू नका. दोरी पूर्ण गुंडाळून घ्या आणि तिचं टोक उजेडात धरून नीट बघा. मासा कसा गेला हे बहुतेक वेळा तिथेच कळतं.

टोक पांढुरकं पडलंय आणि त्याच्या वरची वीतभर दोरी बोटाला खरखरीत लागतेय, तर ती माशाच्या तोंडात घासून तुटली. जिताड्याला सुरमईसारखे कापणारे दात नसतात. त्याच्या जबड्यावर बारीक दातांचा पट्टा असतो, बोट फिरवलं तर पॉलिश पेपरसारखा लागतो. मासा डोकं झटकत राहिला की बारीक दोरी त्यावर किसली जाते. टोक एकदम स्वच्छ कापलेलं आहे आणि ल्युअरपासून फूटभराच्या आत आहे, तर ते कल्ल्याच्या झाकणाचं काम. त्या झाकणाची कड धारदार असते आणि मासा वळताना दोरी तिच्याखाली सापडते. तुटलेली जागा बरीच वर, ब्रेडमध्ये (रीलवरच्या विणलेल्या मूळ दोरीत) असेल तर दोरी कालवांवर घासली: खडकावरच्या, धक्क्याच्या भिंतीवरच्या किंवा खांबावरच्या. टोकाला बारीक वेटोळं पडलं असेल तर दोरी तुटलीच नाही, गाठ सरकली. ल्युअर परत आला पण गळ सरळ झालाय किंवा गळ ल्युअरला जोडणारी कडी उघडलीय, तर दोष गळाच्या तारेचा. आणि ल्युअर, गळ, गाठ सगळं जसंच्या तसं परत आलं, तर गळ नीट रुतलाच नाही किंवा माशाच्या उडीत दोरी सैल पडली.

तुमच्या वर्णनावरून पहिलं कारण सगळ्यात संभवतं. दहा पौंडी फ्लुरोकार्बन थेट ल्युअरला बांधून तिवराच्या कडेला टाकलं, तर दोन किलोचा जिताडाही ते तोडू शकतो. यात तुमच्या हाताचा दोष कमी आणि त्या व्हिडिओंचा जास्त. लार्जमाउथ बास हा उत्तर अमेरिकेतला, गोड्या पाण्यातला मासा. आपला जिताडा म्हणजे लेट्स कॅल्कॅरिफर, ऑस्ट्रेलियात ज्याला बॅरामंडी म्हणतात तोच. दोघंही आडोशाला दबा धरून बसणारे, त्यामुळे कडेकडेने ल्युअर चालवणं, गळाचं टोक रबरात लपवून काटक्यांतून काढणं, मध्येच थांबणं हे बासचं तंत्र इथे चांगलं चालतं. चालत नाहीत ते बारीक तारेचे गळ, हलकी दोरी आणि खाऱ्या पाण्यासाठी न बनलेलं रील.

बदल करताना पैसे ल्युअरच्या बाजूने खर्च करत मागे यायचं: आधी गळ आणि लीडर (ल्युअर आणि मूळ दोरी यांच्यामधला जाड तुकडा), मग ब्रेड, मग रॉड, रील सगळ्यात शेवटी. बहुतेक जण उलटं करतात, महागडं रील घेतात आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला फॅक्टरीतून आलेला बारीक तिहेरी गळ तसाच ठेवतात.

गळापासून सुरुवात करू. ९ ते १२ सेंटीमीटरच्या मिनो (छोट्या माशाच्या आकाराच्या) ल्युअरवरचे मूळ तिहेरी गळ काढून त्याच मापाचे ४एक्स, म्हणजे जादा जाड तारेचे, खाऱ्या पाण्यासाठीचे गळ लावा आणि कड्याही तेवढ्याच दणकट घ्या. दणकट गळ जड असतो, त्यामुळे ल्युअरचा तोल बदलतो. म्हणून गळ बदलल्यावर ल्युअर बादलीत टाकून बघायचाच. पाण्यात जागच्या जागी तरंगत राहणारा ल्युअर आता सावकाश बुडतोय का, नाक खाली करतोय का, पोटाजवळचे दोन गळ एकमेकांत अडकताहेत का? अडकत असतील तर मागचा एक माप लहान घ्या. ही चाचणी नळाच्या पाण्यात केलीत तर लक्षात ठेवा की खारं पाणी ल्युअरला जास्त उचलतं. बादलीत हळूहळू बुडणारा ल्युअर मे महिन्याच्या खाडीत जागेवर थांबेल आणि ऑगस्टमध्ये, पावसाचं गोडं पाणी मिसळल्यावर, पुन्हा बुडायला लागेल. तळाच्या काटक्यांत ल्युअर अचानक जास्त अडकायला लागले तर हेही एक कारण असू शकतं. तिहेरीऐवजी एकेरी गळ लावणं मला जास्त पटतं. ते तिवरांत कमी अडकतात आणि मासा सोडतानाही सोपे पडतात. गळाची धार अंगठ्याच्या नखावर तपासा: टोक हलकेच टेकवून ओढलं की ते नखात रुतून थांबलं पाहिजे, घसरलं तर गळ बोथट. जिताड्याचं तोंड हाडाळ असतं, बोथट गळ त्यात शिरत नाही.

लीडर ५० पौंडी, साधारण ०.७० मिलीमीटर जाडीचा, एक मीटर लांब. फ्लुरोकार्बन घासायला जास्त टिकतो, पण खाडीच्या गढूळ पाण्यात दोरी दिसण्या-न दिसण्याला फारसं महत्त्व नाही, त्यामुळे चांगल्या कंपनीचा साधा नायलॉन लीडर घेतला तरी चालेल. पृष्ठभागावरच्या ल्युअरला तर नायलॉनच बरा, कारण फ्लुरोकार्बन बुडतो आणि ल्युअरचं नाक खाली ओढतो. वायर लीडरची गरज नाही. त्याने ल्युअरची चाल मरते.

मूळ दोरी ३० पौंडी, म्हणजे पीई २ (ब्रेडच्या जाडीचं माप) जाडीची ब्रेड, किमान दीडशे मीटर. स्पूलवर आधी आठ-दहा वेढे साध्या तंगुसाचे (नायलॉन दोरीचे) घ्या आणि त्यावर ब्रेड बांधा, नाहीतर ब्रेडचा गठ्ठा स्पूलवर गोल फिरतो आणि ड्रॅग (ठरावीक ताणाला दोरी सोडणारा रीलचा ब्रेक) सरकतोय असा भास होतो. ब्रेड भरताना ओल्या फडक्यात धरून ताण देऊन भरा. सैल भरलेल्या ब्रेडवर मोठा मासा लागला की वरचे वेढे खालच्यांत रुततात आणि पुढच्या फेकीला दोरी अडकून ल्युअर तुटून जातो.

ब्रेड आणि लीडर जोडायला एफजी गाठ शिकून घ्या. ब्रेड ताणून धरा: एक टोक दातात, दुसरं रॉडच्या बाजूने. लीडर त्या ताणलेल्या ब्रेडभोवती एकदा वरून, एकदा खालून असा आळीपाळीने न्यायचा, एकूण वीस वेढे. वेढे एकमेकांना खेटून बसले पाहिजेत, एकावर एक चढता कामा नयेत. मग ब्रेडच्या मोकळ्या टोकाने दोन्ही दोऱ्यांवर दोन अर्ध्या गाठी मारा, पाणी लावा आणि हाताला फडकं गुंडाळून जोर लावून ओढा. ओढताना ब्रेडचा रंग गडद होतो आणि वेढे लीडरमध्ये रुतलेले दिसतात. रंग बदलला नाही तर गाठ बसलेली नाही आणि ती सरकणारच, पुन्हा बांधा. नंतर लीडरचं टोक जवळून कापा आणि नुसत्या ब्रेडवर सहा-आठ अर्ध्या गाठी एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून मारून संपवा. ही गाठ अंधारात, डास चावत असताना बांधायची वेळ येऊ देऊ नका, घरी बांधून दोन-तीन लीडर तयार न्या. डबल युनी सोपी आहे, पण ५० पौंडी लीडरवर तिचा गोळा जाड होतो आणि रॉडच्या कड्यांना आपटतो. तीच वापरायची तर लीडर इतका आखूड ठेवा की फेकताना गोळा रॉडच्या टोकाबाहेर राहील.

ल्युअरला घट्ट गाठ मारू नका. जाड लीडर घट्ट बांधला की ल्युअरची चाल बिघडते. न सरकणारा छोटा फासा हवा: लीडरमध्ये आधी एक साधी सैल गाठ, टोक ल्युअरच्या डोळ्यातून नेऊन त्याच गाठीतून परत, मूळ दोरीभोवती चार वेढे, पुन्हा त्या गाठीतून मागे, ओलं करून ओढायचं. फासा करंगळीच्या नखाएवढा असावा.

रॉड सात ते साडेसात फूट, मीडियम हेवी, १० ते ३० ग्रॅमचा ल्युअर फेकणारा. तुमचा मीडियम रॉड मोकळ्या पाण्यात चालेल. तिवरांच्या अगदी कडेला तो माशाचं तोंड वळवू शकत नाही. रील ४०००, खाऱ्या पाण्यासाठी सील केलेलं. ३००० वर ३० पौंडी ब्रेड दीडशे मीटर बसत असेल आणि ड्रॅग सुरळीत असेल तर लगेच बदलायची घाई नाही.

ड्रॅगबद्दल मात्र थोडं थांबू, कारण 'हाताने ओढून बघितलं, बरोबर वाटलं' यावर बहुतेकांचा ड्रॅग चुकतो. सामान मोजायचा काटा घ्या. दोरी रॉडच्या सगळ्या कड्यांतून ओवा, रॉड ४५ अंशांत धरा आणि दुसऱ्याला काटा सरळ ओढायला सांगा. ३० पौंड म्हणजे साधारण साडेतेरा किलो. त्याच्या पाव हिश्शाला, म्हणजे साडेतीन किलोच्या आसपास दोरी सरकायला लागली पाहिजे. मीडियम रॉडवर अडीच किलोच्या वर जाऊ नका. सरकणं झटक्याझटक्याने होत असेल तर ड्रॅगच्या चकत्यांत मीठ किंवा गंज आहे, आधी ते साफ करा. हाताला साडेतीन किलोचा ड्रॅग फार घट्ट वाटतो. तरीही तेवढा लागतो, कारण जिताडा ल्युअर घेतल्याबरोबर पहिल्या दोन-तीन सेकंदांत मुळांकडे परत वळतो आणि तेवढ्या वेळात त्याला एक मीटर दोरी मिळाली की खेळ संपतो. ड्रॅग निघतानाच लावून ठेवा. मासा चालू असताना नॉब पिरगाळायला गेलात तर एक तर दोरी तुटते, नाहीतर चुकून सैल होते.

आता वेळ. जिताड्याच्या बाबतीत भरती-ओहोटीचं गणित ल्युअरच्या रंगापेक्षा कितीतरी महत्त्वाचं आहे. कोळीवाड्यातला जुना हिशोब सोपा आहे: तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास. दिवसाही आणि रात्रीही. त्यापुढे साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. हा हिशोब आणि मोबाइलवरची भरतीची वेळ दोन्ही मुंबई बंदराच्या जवळपासची असते. पाणी आत ठाण्यापर्यंत किंवा पनवेल खाडीत वर पोचायला आणखी वेळ लागतो. तुमच्या जागेवर एखादी खूण धरून, दगड किंवा खांब, पाणी प्रत्यक्ष कधी फिरतं ते टिपून ठेवा आणि तो फरक कायमचा वापरा.

उधाणाला, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास, आपल्याकडे पाण्याची चढउतार चार मीटरच्या वर जाते, भांगेला, म्हणजे अष्टमीच्या आसपास, ती दीड-दोन मीटरवर येते. उधाणाचं पाणी इतक्या जोरात येतं-जातं की सगळा गाळ ढवळून निघतो, ल्युअर वाहून जातो आणि माशाला तो सापडतही नाही. अगदी मेलेल्या भांगेला पाणी हलतच नाही, आणि पाणी हललं नाही तर छोटी मासळी मुळांतून बाहेर पडत नाही. मधले दिवस चांगले. माझी पसंती दशमी ते त्रयोदशी, भांग सरून पाणी उधाणाकडे चढत असतं तेव्हा. त्रयोदशीला ओहोटी चारच्या सुमारास संपते आणि भरतीचं पहिलं पाणी संध्याकाळच्या तिरपेत आत शिरतं, ही वेळ सोडू नये. सप्तमी-अष्टमीला उलट असतं: भरती सव्वापाच-सहाला, त्यामुळे दिवेलागणीला पाणी उतरायला लागतं आणि नाल्यांची तोंडं वाहू लागतात. तीही चांगली संध्याकाळ, फक्त जागा वेगळी निवडायची.

ओहोटीच्या शेवटच्या दोन तासांत जिताडा तिवरांच्या आत राहूच शकत नाही, तिथलं पाणी संपलेलं असतं. तो मुळांतून निघालेल्या चरांच्या तोंडाशी येऊन थांबतो, कारण त्याचं जेवण, म्हणजे कोळंबी, लहान बोय, निवट्या, त्याच चरातून खाली येतं. गढूळ चराचं पाणी आणि खाडीचं त्यामानाने स्वच्छ पाणी मिळतं तिथे रेघ दिसते. ल्युअर त्या रेघेवरून, स्वच्छ बाजूने, पाण्याच्या ओघाबरोबर आला पाहिजे. ओघाविरुद्ध पोहणारी छोटी मासळी जिताड्याला संशयास्पद वाटते की नाही सांगता येत नाही, पण त्याचं तोंड ओघाकडे असतं आणि मागून आलेला ल्युअर त्याला उशिरा दिसतो, हे नक्की. भरतीचं पाणी तिवरांत पूर्ण शिरलं की मासाही आत जातो. त्या दोन-तीन तासांत काठावरून नुसते हात दुखतात. चहा प्यायला जा.

नवी मुंबईत आणखी एक जागा आहे जी व्हिडिओत कुठेच दिसणार नाही: धारण तलावांची आणि खारबंधिस्तीतल्या (खारं पाणी अडवणाऱ्या बांधातल्या) उघाड्यांची, म्हणजे झडपांची, खाडीकडची तोंडं. शहर सखल असल्यामुळे पावसाचं पाणी या तलावांत साठतं, भरतीला झडपा मिटतात आणि ओहोटीला उघडून पाणी खाडीत सुटतं. झडप उघडल्यावरचा पहिला तास आणि तिच्यापुढे पाण्याने खणलेला डोह, या दोन गोष्टी जमल्या तर तिथे मासा असण्याची शक्यता मोठी असते. पण पाण्याला कुजक्या अंड्याचा वास येत असेल किंवा ते काळं असेल तर थांबू नका, त्यात प्राणवायू नसतो आणि मासाही नसतो. झडपेच्या काँक्रीटवर शेवाळ असतं, त्यावर चढायचं नाही.

जागा निवडताना कायदाही बघा. ऐरोली पूल ते वाशी पूल या पट्ट्यात पश्चिमेकडे ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०१५ साली जाहीर झालेलं आणि २०२२ पासून महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक रामसर यादीतलं. तिथे गळ घेऊन जायचं नाही. तिवराची फांदी तोडणं हा गुन्हा आहे. अडकलेल्या ल्युअरसाठी फांदी मोडू नका, दोरी हाताला गुंडाळून न घेता काठीला गुंडाळून सरळ मागे ओढा. वाहतुकीच्या पुलावर उभं राहून मासेमारी करू नका. दिवाळे, सारसोळे अशा कोळीवाड्यांच्या धक्क्यावर जाताना आधी विचारा, आणि डोल किंवा इतर जाळं लावलेलं असेल त्या बाजूला ल्युअर टाकू नका. त्यांचं पोट त्यावर आहे. ठाण्याच्या बाजूला उल्हास खाडीत, गायमुख-नागला बंदराकडे पाणी खोल आणि वाहतं राहतं. ठाणे खाडीचं वरचं टोक उथळ आहे आणि तिथलं पाणी नीट बदलत नाही, म्हणून मी तुम्हाला गायमुखची बाजू किंवा दक्षिणेला बेलापूर-पनवेल खाडी सुचवेन.

ल्युअर कसा चालवायचा? काठाला काटकोनात फेकून सरळ ओढला तर तो फक्त पहिला एक मीटर कामाच्या पाण्यात असतो. कडेला समांतर फेका, म्हणजे संपूर्ण फेक मुळांपासून फूट-दीड फुटावरून येते. दोन छोटे झटके, मग थांबा. दोन सेकंद, कधी चार. बहुतेक मासे या थांबण्यातच घेतात आणि नवशिके नेमके तिथेच घाई करतात. एका चांगल्या जागेवर एकच फेक टाकून पुढे जाऊ नका. त्याच रेषेत आठ-दहा फेका टाका. भूक नसलेला जिताडाही डोक्यावरून वारंवार जाणाऱ्या वस्तूवर चिडून तोंड टाकतो.

काटक्यांत चार इंची पॅडल शेपटीचा रबरी मासा, ५/० मापाच्या वाइड गॅप (रुंद वळणाच्या) गळावर, गळाचं टोक रबराच्या पाठीत किंचित लपवलेलं. बासच्या डब्यातले रबर वापरा, गळ मात्र जाड तारेचे नवे घ्या. मोकळ्या, वाहत्या पाण्यात १५ ते २० ग्रॅमचा जिग हेड (डोक्याशी शिसं असलेला गळ). फार गढूळ पाण्यात थरथरणारा लिपलेस ल्युअर किंवा पातं फिरणारा स्पिनरबेट, कारण तिथे मासा डोळ्यांपेक्षा अंगाच्या बाजूच्या रेषेने पाण्यातली थरथर ओळखतो. रंग: गढुळात पांढरा, सोनेरी किंवा पोपटी, रात्री काळा. याहून जास्त विचार रंगावर करू नका.

जिताडा चावत नाही, तो तोंड एकदम उघडून पाण्यासकट ल्युअर आत ओढतो. पृष्ठभागावर याचा 'थप्' असा मोठा आवाज येतो, पाण्याखाली दोरीला एक ठोका बसतो किंवा थांबलेली दोरी अचानक सैल पडते. सैल पडली तर झटपट गुंडाळून ताण घ्या आणि मगच रॉड बाजूला, पाण्याच्या पातळीला समांतर, जोरात ओढा. लगेच दुसऱ्यांदा ओढा. रॉड डोक्यावर उचलू नका. वर ओढलं की माशाचं तोंड वर येतं आणि तो उडी मारतो. पृष्ठभागावरच्या ल्युअरला आवाजावर झटका देऊ नका, हाताला वजन लागू द्या. नाहीतर ल्युअर त्याच्या तोंडातून निघून तुमच्या अंगावर येतो. म्हणूनच चष्मा घालायचा.

पहिल्या तीन सेकंदांत दोरी द्यायची नाही. रॉड मुळांच्या विरुद्ध बाजूला झुकवा, पायाखालची जमीन घट्ट असेल तर दोन पावलं मागे या. मासा मोकळ्या पाण्यात आला की मग ड्रॅगला त्याचं काम करू द्या. दोरी पाण्यात वर वर चढायला लागली म्हणजे उडी येतेय. रॉडचं टोक पाण्यापर्यंत खाली न्या आणि गुंडाळत राहा. काठाशी आल्यावर तो आणखी एकदा पळतो, तेव्हा हाताने स्पूल दाबू नका.

मासा रबरी, बिनगाठींच्या जाळीत घ्या. कल्ल्याच्या झाकणात बोटं घालू नका, झाकणाची कड आणि तिच्याजवळचा काटा बोट खोल कापतात. लिप ग्रिप (जबडा धरायचा चिमटा) लावला तरी मासा उभा लटकवू नका. दुसरा हात ओला करून पोटाखाली द्या.

आणि सोडण्याबद्दल. जिताडा आयुष्याची सुरुवात नर म्हणून करतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. ८० सेंटीमीटरच्या वरचा मासा बहुधा मादीच, आणि एक मादी लाखो अंडी देते. ती एक मादी चुलीवर गेली की खाडीतलं पुढचं पीकच गेलं. पावसाळ्यात त्या अंडी घालायला खाडीच्या मुखाकडे उतरतात. १ जून ते ३१ जुलैची बंदी यांत्रिक नौकांना आहे, काठावरच्या गळाला नाही, तरी मोठा मासा बाराही महिने सोडा असा माझा आग्रह आहे. लहानही सोडा. घरी न्यायचा तर ५५ ते ७५ सेंटीमीटरमधला एखादा. आणि एमआयडीसीचं किंवा गटाराचं पाणी येतं त्या तोंडावरचा मासा खाऊच नका. ठाणे खाडीच्या गाळात जड धातू आहेत आणि तिथला शिकारी मासा ते अंगात साठवतो. लहान मुलं आणि गरोदर बाईच्या ताटात तो नको.

डिसेंबर अखेर ते फेब्रुवारीत पाणी थंड झालं की जिताडा सुस्तावतो. तेव्हा पहाटेपेक्षा दुपारी, उन्हाने तापलेल्या उथळ पाण्यालगत, ल्युअर अर्ध्या वेगाने चालवा. सप्टेंबर ते नोव्हेंबर आणि एप्रिल-मे हे दिवस सगळ्यात बरे.

ल्युअरला प्रतिसादच नसेल तर जिवंत कोळंबी. शिंगाच्या मुळाशी, आत दिसणारा काळा ठिपका टाळून, ५/० सर्कल गळ (टोक आत वळलेला) ओवा. ३० ग्रॅमचं सरकतं शिसं, मणी, स्विव्हल (फिरती कडी) आणि ६० सेंटीमीटर लीडर. सर्कल गळाला झटका द्यायचा नाही. दोरी चालू लागली की फक्त गुंडाळून ताण द्या, गळ आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. यावर शिंगाळाही लागणार. त्याचा काटा टोचला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंश, हात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. कालवांनी कापलं तरी जखम लगेच गोड्या पाण्याने आणि साबणाने धुवा. खाडीच्या पाण्यातली जखम चिघळायला वेळ लागत नाही.

चिखलात एकटे उतरू नका. गुडघ्यापर्यंत पाय रुतला आणि भरती फिरली तर कोणी हात द्यायला हवं. रुतलातच तर आडवं पडून वजन पसरवा आणि पाय एकेक करून सोडवा. कार्बनचा रॉड वीज वाहून नेतो, त्यामुळे उच्च दाबाच्या तारांखाली फेकायचं नाही आणि ढग गडगडले की रॉड खाली ठेवून निघायचं.

घरी आल्यावर ड्रॅग घट्ट करून रीलवर गोड्या पाण्याची हलकी धार सोडा. घट्ट यासाठी की पाणी चकत्यांत शिरू नये. रील बादलीत बुडवू नका आणि जोराच्या फवाऱ्याने धुऊ नका, मीठ आणखी आत जातं. पुसून, ड्रॅग सैल करून सावलीत वाळवा. हँडलच्या सांध्याला आणि दोरीच्या रोलरला महिन्यातून एकदा थेंबभर तेल पुरतं. वापरलेले ल्युअर ओलेच डब्यात परत टाकू नका, त्या एका ल्युअरच्या मिठाने डब्यातले सगळे कोरे गळ गंजतात. ते वेगळ्या पिशवीत आणा, धुऊन वाळवा आणि मगच खणात ठेवा.